क्रूझ निवडताना आधी तास मोजा

क्रूझच्या जाहिरातीत मावळता सूर्य असतो, तरणतलाव असतो, ताटं भरून खाणं असतं. वेळापत्रक मात्र आतल्या पानावर बारीक अक्षरात असतं: कुठल्या बंदरात बोट किती वाजता लागणार आणि किती वाजता सुटणार. ही सहल आपल्याला मानवेल की नाही, याचं उत्तर बरंचसं त्या दोन रकान्यांत मिळतं. म्हणून भाडं आणि केबिन बघण्याआधी कागद-पेन घ्या आणि तासांचा हिशेब मांडा.

मुंबई-गोवा-मुंबई अशी ‘३ रात्री, ४ दिवस’ची सहल धरा. पहिल्या दिवशी दुपारी १ला चढलात आणि चौथ्या दिवशी सकाळी ९ला उतरलात, तर हाती ६८ तास येतात. झोपेचे २४ वजा केले की ४४ उरले. गोव्यात बोट ८ तास थांबली, तर बाकीचे ३६ जागे तास बोटीवरच जाणार. थोडक्यात, ही बोटीवरची सहल आहे आणि वाटेत गोवा लागतो. डेकवर खुर्ची टाकून बसायला, पत्ते कुटायला, रात्रीचे कार्यक्रम बघायला ज्यांना आवडतं, त्यांचे हे ३६ तास मजेत जातील. ज्यांचा पाय एका जागी ठरत नाही, ते दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच घड्याळ बघू लागतील.

आता बार्सिलोनाहून निघून तिथेच परतणारी ७ रात्रींची भूमध्य समुद्रातली सहल घ्या. दुपारी १ला चढून आठव्या दिवशी सकाळी ८ला उतरलात, तर १६३ तास होतात. झोपेचे ५६ गेले, १०७ उरले. वाटेत पाच बंदरं आणि प्रत्येक ठिकाणी १० तास थांबा असेल, तर ५० तास जमिनीवर. जागेपणाचा जवळजवळ निम्मा वेळ गावं बघण्यात जातो. इथे बोट म्हणजे रात्री गाव बदलणारं हॉटेल. अशा सहलीत बोटीवरचे वॉटर स्लाइड आणि चढाईची भिंत यांच्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नसतो, कारण ते वापरायला वेळच उरत नाही. उलट गोव्याच्या सहलीत बोटीवर काय काय आहे, यालाच महत्त्व.

‘बघायला’ निघालेल्यांनी जागेपणाचे निदान ४० टक्के तास बंदरात पडतील अशी सहल निवडावी, आणि ‘विसावायला’ निघालेल्यांनी दर दोन बंदरांमागे एक दिवस पूर्ण समुद्रात असेल अशी. सलग पाच दिवस रोज सकाळी सातला उठून बसमध्ये बसणं ही विश्रांती नव्हे, हे सहल ठरवताना ध्यानात राहत नाही.

बंदराचं नाव एक, जागा दुसरी

वेळापत्रकात ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण बोट लागते चिविताव्हेक्कियाला. तिथून रोम ७०-८० किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, अंतर सुमारे ९० किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जवळपास २०० किलोमीटर. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंड, एका बाजूचा प्रवासच सुमारे तीन तासांचा. आशियातही हीच तऱ्हा: ‘बँकॉक’साठी लाएम चाबांग, ‘क्वालालंपूर’साठी पोर्ट क्लांग, ‘हो ची मिन्ह सिटी’साठी फू मी. म्हणून प्रत्येक थांब्यापुढे बंदराचं खरं नाव लिहा आणि नकाशावर शहरापर्यंतचा गाडीचा वेळ बघा.

मग एक साधी वजाबाकी करा. बंदरातल्या एकूण वेळातून दोन तास काढा. बोट लागल्यावर कागदपत्रांची तपासणी होऊन जिना खुला होईपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, आणि सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांना परत बोलावतात. उरलेल्यातून जाण्यायेण्याचा वेळ काढा. हाती चार तासांपेक्षा कमी राहिले, तर त्या शहराचा नाद सोडा आणि बंदराच्या गावातच फिरा.

गोव्याचं उदाहरण घ्या. बोट मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोला लागते. सकाळी १० ते संध्याकाळी ६ थांबा असेल तर ८ तास, त्यातले २ गेले, ६ उरले. कळंगुटला जायला दीड तास आणि यायला दीड तास धरला, तर किनाऱ्यावर मिळाले तीन तास, तेही ट्रॅफिकने साथ दिली तर. जुन्या गोव्याची चर्च साधारण तासाभरावर आहेत. झुआरीवरचा नवा पूल झाल्यापासून हा रस्ता बराच सुटला आहे, त्यामुळे चार तास निवांत मिळतात. बोगमाळो तर अर्ध्या तासावर, तिथे पाच तास पाण्यात डुंबता येईल. उत्तर गोव्यातलं रात्रीचं जीवन डोक्यात असेल तर ही सहल घेऊच नका, रेल्वेने किंवा विमानाने गोव्याला जा. कोचीत मात्र बोट विलिंग्डन बेटाला लागते. फोर्ट कोची आणि मट्टानचेरी तिथून जवळ असल्यामुळे तेवढ्याच थांब्यात गाव खूप जास्त बघून होतं.

दुसरी गोष्ट, बोट धक्क्याला लागणार की बाहेर नांगर टाकणार? वेळापत्रकात ‘टेंडर’ असा शब्द किंवा छोट्या होडीचं चिन्ह दिसलं, तर बोट समुद्रात उभी राहते आणि लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. ग्रीसमधलं सांतोरिनी आणि लक्षद्वीपमधलं अगत्ती ही याची उदाहरणं. यात तीन अडचणी येतात. उतरायला आणि परत चढायला रांग लागते, म्हणून वजाबाकीत आणखी तासभर धरा. हलत्या होडीत पाय टाकावा लागतो, त्यामुळे गुडघ्याचं दुखणं किंवा व्हीलचेअर असेल तर उतरणं जमतंच असं नाही. आणि लाटा वाढल्या तर कप्तान तो थांबाच रद्द करतो. असा थांबा रद्द झाला तर कंपनी सहसा फक्त त्या बंदराचं शुल्क परत देते, भाडं नाही. केवळ अगत्तीच्या निळ्या पाण्यासाठी निघायचं असेल तर हा धोका पत्करूनच निघावं.

बरोबर कोण येतंय?

सगळ्यात थकलेला आणि सगळ्यात लहान, या दोघांना झेपेल ती सहल बाकीच्यांना झेपते. उलटं कधी होत नाही.

आजी-आजोबा असतील तर धक्क्याला लागणारी बंदरं, लिफ्टजवळची केबिन आणि मध्यम आकाराची बोट बघा. मोठ्या बोटीची लांबी ३०० मीटरच्या वर असते. एका टोकाच्या केबिनमधून दुसऱ्या टोकाच्या जेवणघरात दिवसातून तीनदा जाऊन यायचं म्हणजे दोन किलोमीटर चालणं घरातल्या घरातच झालं. रोजच्या औषधांचा साठा सहलीच्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्त घ्या आणि तो हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग धक्क्यावर घेतात आणि ती केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. बोटीवर डॉक्टर आणि दवाखाना असतो, पण बिल परदेशी बोटीवर डॉलरमध्ये होतं आणि लगेच फेडावं लागतं. विम्याचे पैसे नंतर मिळतात.

तान्ह्या बाळासाठी बहुतेक कंपन्या किमान ६ महिने वय मागतात. सलग तीन किंवा अधिक दिवस समुद्रातच असणाऱ्या सहलीला १२ महिने. गरोदर बाईंना सहल संपण्याच्या दिवशी २४ आठवडे होत असतील तर बोटीवर घेत नाहीत, आणि त्याआधीच्या आठवड्यांतही डॉक्टरांचं पत्र मागतात. हा नियम चढण्याच्या दिवशी कळला तर सगळं भाडं बुडतं. डायपर लागणाऱ्या मुलांना मोठ्या तरणतलावात सोडत नाहीत. मुलांच्या क्लबमध्येही साधारण तीन वर्षं पूर्ण झालेल्या आणि स्वतः शी-शू सांगणाऱ्या मुलांनाच घेतात. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन ‘मूल खेळेल, आपण निवांत बसू’ असा बेत केला असेल तर तो तिथेच मोडतो. सहा ते बारा वयाच्या मुलांसाठी मात्र मोठी बोट म्हणजे पर्वणी.

शांतता हवी असलेल्या जोडप्यांनी शुक्रवारी निघून सोमवारी परतणाऱ्या लहान फेऱ्या टाळाव्यात. त्यांत कंपन्यांचे गट आणि मित्रांची टोळकी जास्त असतात, डीजे उशिरापर्यंत चालतो. तीच बोट आठवड्याच्या मधल्या दिवसांत निराळी वाटते. सहल जितकी लांब, तितकी माणसं वयाने मोठी आणि डेक शांत.

शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय भारतातून सुटणाऱ्या बोटींवर नीट असते. सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या बोटींवरही भारतीय पदार्थ मिळतात. युरोप-अमेरिकेत मात्र शाकाहारी म्हणजे पास्ता, भाजलेल्या भाज्या आणि सॅलड. कांदा-लसूणही चालत नसेल तर बुकिंग करतानाच लेखी कळवा आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या मुख्य वेटरला भेटा. दुसऱ्या दिवशीचं जेवण आदल्या रात्री सांगितलं की ते बनवून देतात. घरच्या चकल्या-लाडूंचा डबा बहुतेक बोटींवर नेऊ देत नाहीत. सीलबंद पाकीट चालतं, पण ते घेऊन परदेशी बंदरात उतरू नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याच्या वस्तू जाहीर न केल्याबद्दल जबर दंड होतो. इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड हे चढतानाच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. बोटीला सगळ्यात मोठी भीती आगीची असते, म्हणून यात सूट मिळत नाही.

कुठलं पाणी, कुठला महिना

कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात घालत नाहीत. क्रूझलाही तोच नियम लावा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र आपला नाही. या महिन्यांत कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट चेन्नईला जाऊन श्रीलंकेच्या फेऱ्या करत आली आहे. मुंबईहून तिच्या फेऱ्या २०२१ साली सुरू झाल्या. पश्चिम किनाऱ्यावर सगळ्यात शांत पाणी डिसेंबर ते फेब्रुवारी. मे महिना आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे महिने. मे २०२१ मधलं तौक्ते विसरण्याजोगं नाही. मुलांच्या सुट्टीमुळे मे गाठावाच लागत असेल तर महिन्याचा पहिला आठवडा धरा.

सिंगापूरहून वर्षभर बोटी सुटतात, पण दोन बाजूंचे समुद्र वेगळे. पेनांग-फुकेतकडे जाणारी मलाक्काची सामुद्रधुनी दोन्हीकडून जमिनीने झाकलेली आहे, तिथे पाणी बहुधा शांत. व्हिएतनामकडे जाणाऱ्या दक्षिण चिनी समुद्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे बोट चांगली हलते. पहिल्यांदाच परदेशी क्रूझ घेणाऱ्या मराठी कुटुंबाला आमची शिफारस सिंगापूर-पेनांग-फुकेत अशा ४ किंवा ५ रात्रींची आहे: विमानाचा प्रवास लहान, पाणी शांत, जेवणाची पंचाईत नाही.

भूमध्य समुद्रासाठी मे, जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये रोम-अथेन्सच्या दगडी चौकांत ऊन सोसत नाही आणि गर्दीही सगळ्यात जास्त. नॉर्वेचे फ्योर्ड (कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या) आणि अलास्का यांचा हंगाम मे ते सप्टेंबर. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम, भाडी त्यामुळेच तेव्हा उतरतात. अंटार्क्टिकाला जायचं असेल तर एकच आकडा बघा: बोटीवर ५०० पेक्षा जास्त प्रवासी असतील तर किनाऱ्यावर उतरवत नाहीत, फक्त लांबून बर्फ दाखवतात. त्याहून लहान बोटीवरूनही एका वेळी १०० जणांनाच उतरता येतं, म्हणून २००च्या आतली बोट सगळ्यात बरी.

ज्यांना समुद्राचीच धास्ती वाटते, त्यांनी नदी निवडावी. नाईलवर लक्सर-आस्वान हा ३-४ रात्रींचा प्रवास ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये करावा. बोट हलत नाही, आणि एडफू, कोम ओंबो इथली मंदिरं वाटेतच लागतात. फक्त एक ध्यानात ठेवा: धक्क्याला तिथे बोटी एकमेकींना खेटून लावतात, त्यामुळे नदीकडची खिडकी म्हणून घेतलेल्या केबिनमधून थांब्याच्या वेळी शेजारच्या बोटीचे पडदे दिसतात. तिथे केबिनपेक्षा वरचा उघडा डेक कसा आहे, ते विचारा. ऱ्हाइन-डॅन्यूबवर उन्हाळ्याच्या शेवटी पाणी आटलं तर बोट पुढे जाऊ शकत नाही आणि प्रवाशांना बसने नेतात. २०१८ आणि २०२२ मध्ये ऱ्हाइनचं पाणी तसं उतरलं होतं. तिथे मे-जून सुरक्षित.

बोट केवढी?

मोठी की छोटी, यावर वाद घालण्यापेक्षा एक भागाकार करा. प्रत्येक बोटीचं ‘ग्रॉस टनेज’ जाहीर असतं. हे वजन नसून बोटीच्या आतल्या जागेचं माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागा. उत्तर ३०च्या खाली आलं तर लिफ्टला, बुफेला, तरणतलावाकाठच्या खुर्च्यांना रांगा. ४०च्या वर आलं तर ऐसपैस.

‘आयकॉन ऑफ द सीज’ ही २०२४ मध्ये समुद्रात उतरलेली बोट बघा: टनेज २,४८,६६३. दर केबिनमध्ये दोन माणसं धरली तर ५,६१० प्रवासी, भागाकार ४४. पण शाळांच्या सुट्टीत तिसऱ्या-चौथ्या बिछान्यावर मुलं येतात आणि प्रवासी ७,६०० पर्यंत जाऊ शकतात, मग तोच भागाकार ३३ होतो. बोट तीच, पण तिथली हवा बदलली. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात ‘प्रशस्त’ बोटही दाटीवाटीची का होते, त्याचं कारण या भागाकारात आहे. म्हणून एजंटला दोन्ही आकडे विचारा: दोघांच्या हिशेबाने किती आणि जास्तीत जास्त किती.

केबिन, आणि बोट लागण्याचा प्रश्न

आतली केबिन म्हणजे १४० ते १८० चौरस फुटांची, खिडकी नसलेली खोली. सकाळ झाली की रात्र, ते कळत नाही. फक्त झोपायला जाणाऱ्यांना ती पुरते आणि पैसे वाचतात. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी खिडकी घ्यावी. बाल्कनीसाठी जास्त पैसे कधी द्यावेत? समुद्रात घालवायचे जागे तास जास्त असतील तेव्हा, आणि नॉर्वे-अलास्कासारखा किनारा जवळून सरकत असेल तेव्हा. रोज पहाटे उतरून रात्री परतायचं असेल तर बाल्कनीत कपडे वाळतात, एवढंच. (तेही खरं तर चालत नाही, कठड्यावर काहीही वाळत घालू नका. ते उडून समुद्रात जातं.)

मुंबईहून गोव्याला जाताना बोट दक्षिणेला तोंड करून असते. सूर्यास्त उजव्या बाजूच्या बाल्कनीतून दिसतो, परतताना डाव्या. चौघांचं कुटुंब असेल तर एका बाल्कनी केबिनमध्ये छतातून खाली येणारे दोन बिछाने घेण्यापेक्षा शेजारशेजारच्या, मधल्या दाराने जोडलेल्या दोन आतल्या केबिन बघा. भाडं बरेचदा जवळपास सारखं पडतं आणि न्हाणीघरं दोन मिळतात. सकाळी सात वाजता त्याची किंमत कळते. दोघेच असाल तर मात्र मधलं दार असलेली केबिन नको, शेजारचं बोलणं ऐकू येतं.

डेकचा नकाशा उघडून आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघाच. वर तरणतलावाचा डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढण्याचा आवाज. खाली नाट्यगृह किंवा डान्स फ्लोअर असेल तर रात्री एकपर्यंत ढोल. अगदी पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा खडखडाट. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तो मजला सगळ्यात शांत. ‘दृश्यात अडथळा’ असं लिहिलेल्या खिडकीसमोर बहुधा जीवरक्षक होडी टांगलेली असते. ‘गॅरंटी’ प्रकारात भाडं कमी, पण केबिन कुठली ते कंपनी ठरवते.

ज्यांना एसटीत घाट लागतो त्यांना बोट लागेलच असं नाही, पण त्यांनी ‘गॅरंटी’च्या फंदात पडू नये. बोट तराजूच्या दांडीसारखी हलते: टोकं वर-खाली होतात, मधला भाग कमी हलतो. म्हणून लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. ११ मजली बोटीत तिसरा ते पाचवा डेक. पाण्याखालचे पंख बोटीचं डावीकडे-उजवीकडे डुलणं कमी करतात, पुढे-मागे होणाऱ्या हेलकाव्यांवर त्यांचा फारसा उपाय चालत नाही. गोळी कुठली घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाब, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. गोळी बोट सुटण्याच्या तासभर तरी आधी घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही, आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच घेतात. त्या गोळीने झोप येते, सोबत दारू नको. पोट रिकामं ठेवू नका, आलेपाक किंवा कोरडं बिस्किट चघळा, केबिनमध्ये न पडता डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा. मोबाईलकडे बघितलं की मळमळ वाढते.

पैशांचा खरा आकडा

जाहिरातीतलं भाडं ‘एका केबिनमध्ये दोघे’ या हिशेबाने एका माणसाचं असतं. एकट्याने जायचं असेल तर बहुतेक ठिकाणी जवळपास दोघांचं भाडं पडतं. त्यावर बंदर शुल्क, कर आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची रोजची बक्षिसी, वेगळी लागते. ती ऐच्छिक वाटते, पण परदेशी बोटींवर आपोआप खात्यात चढते, लहान मुलांचीसुद्धा. दर माणशी दर रात्री १८ डॉलर धरा. चौघे, ४ रात्री: २८८ डॉलर. एजंटच्या आकड्यात ही रक्कम धरली आहे का, ते लेखी घ्या.

बुफे आणि मुख्य जेवणघर भाड्यात येतं, खास उपाहारगृहं, बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक, चांगली कॉफी येत नाही. बुफेपाशी नळाचं पिण्याचं पाणी फुकट मिळतं, रिकामी बाटली जवळ ठेवा. दारूचं पॅकेज घेताना दोन गोष्टी बघा: बऱ्याच कंपन्या एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना ते घ्यायला लावतात, आणि पॅकेजच्या रोजच्या दराला एका ग्लासाच्या दराने भागलं तर रोज किती प्यावं लागेल ते कळतं. भागाकार पाच-सहाच्या वर जात असेल तर सुट्टं घेणंच स्वस्त. बंदरातल्या सहली बोटीकडून घेतल्या तर महाग पडतात, पण ती बस उशिरा आली तरी बोट थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलात आणि उशीर झाला तर बोट निघून जाते. आमचं मत: बंदरापासून तासाभराच्या आत फिरायचं असेल तर स्वतः जा, रोम-फ्लॉरेन्ससारखं लांब जायचं असेल तर बोटीचीच सहल घ्या. घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा, मोबाईल आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो आणि तिथेच घोळ होतो.

समुद्रात मोबाईल विमान मोडवर टाका. नाही तर तो बोटीवरच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो. नेहमीचं आंतरराष्ट्रीय रोमिंगचं पॅकेज तिथे बहुधा लागू होत नाही, आणि एका रात्रीत हजारोंचं बिल येतं. सगळं धरून जाहिरातीतल्या भाड्यावर निदान एक तृतीयांश रक्कम वरखर्चाला बाजूला काढा. परदेशी पॅकेजवर टीसीएसही, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ वसूल होणारा आयकर, घेतात, तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, म्हणून पावती जपा.

व्हिसा: इथेच सहली मोडतात

बोट ज्या ज्या देशात थांबते, त्या प्रत्येकाचा नियम बघावा लागतो, तुम्ही उतरणार नसलात तरी. कागद अपुरे असतील तर चढण्याच्या दारातूनच परत पाठवतात आणि भाडं परत मिळत नाही. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणार असाल तर तो दुसरा प्रवेश ठरतो. ग्रीसहून तुर्कस्तानात जाऊन पुन्हा ग्रीसला येणाऱ्या सहलीसाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. अलास्काच्या सहलीला सिअॅटलहून निघालात तरी बोट वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते, कारण परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकन बंदरातून निघून अमेरिकन बंदरात परतताना मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. हा कायदा १८८६ सालचा आहे. म्हणून भारतीय पासपोर्टवर अमेरिका आणि कॅनडा असे दोन्ही व्हिसे लागतात. पासपोर्ट सहल संपल्यावरही सहा महिने चालणारा हवा. मुंबई-गोवा-कोचीला पासपोर्ट लागत नाही, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र मूळ प्रतीत न्यावं. मुलांचंही. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो, त्याचे कागद कंपनी आधी मागून घेते. ते वेळेत दिले नाहीत तर बेटावर उतरता येत नाही. आणि अगत्तीवर दारूबंदी आहे, बाटली घेऊन उतरू नका.

बुकिंग करताना

नाव पासपोर्टवर आहे त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने द्या. वडिलांचं नाव मधे घालण्याच्या आपल्या पद्धतीने इथे हमखास गोंधळ होतो. पैसे भरण्याआधी रद्द करण्याचा तक्ता मागून घ्या: लांबच्या सहलींना तीन महिन्यांपासूनच कपात सुरू होते आणि शेवटच्या दोन आठवड्यांत काहीच परत मिळत नाही. विमा घेताना पॉलिसीत तीन गोष्टी शोधा: बोटीवरचा वैद्यकीय खर्च, समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च, आणि विमान उशिरा आल्यामुळे बोट चुकली तर भरपाई. साध्या प्रवास विम्यात तिसरी गोष्ट बहुधा नसते.

परदेशातून बोट पकडायची असेल तर एक दिवस आधी त्या शहरात पोहोचा. हॉटेलच्या एका रात्रीचा खर्च बुडालेल्या भाड्यापुढे काहीच नाही. परतीचं विमान बोट लागण्याच्या वेळेनंतर निदान सहा तासांनी ठेवा. सकाळी ७ला बोट लागली तरी बॅगा मिळून विमानतळावर पोहोचेपर्यंत ११ वाजू शकतात.

जेवणाची वेळ निवडायला सांगतील तेव्हा मुलं किंवा वयस्क असतील तर पहिली पंगत, साधारण सहाची, घ्या. दुसरी साडेआठला सुरू होते आणि उठेपर्यंत दहा वाजतात. चढण्याच्या दिवशी हातातल्या पिशवीत पासपोर्ट, औषधं, चष्मा, पोहण्याचे कपडे आणि मुलांचा एक जोड असू द्या. पोहायला जाण्याआधी मात्र सुरक्षा कवायत उरका. आणीबाणीत कुठे जमायचं ती जागा केबिनच्या दारामागे लिहिलेली असते. घरातल्या सगळ्यांनी एकदा तिथपर्यंत जिन्याने चालत जाऊन यावं, कारण आगीच्या वेळी लिफ्ट बंद असतात.